आतून कडी

१

शाळेतून आलो की मी टोपी काढून कुलपावर अडकवायचो. सात वर्षांची सवय. कुलूप पितळेचं होतं, नारळाएवढं, आणि टोपीला त्याच्याइतकी सोयीची खुंटी आमच्या घरात दुसरी नव्हती.

धारवाडात मालमड्डीला आमचं लहानसं घर आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि माजघराला लागून पूर्वेची एक खोली. ती खोली आमची होती आणि नव्हतीही. १९३१ साली माझ्या धाकट्या बहिणीच्या, रुक्मिणीच्या लग्नासाठी मी हुबळीच्या वेणूबाईंकडून नऊशे रुपये घेतले आणि घर गहाण टाकलं. वेणूबाईंनी व्याज मागितलं नाही. व्याजाऐवजी दहा वर्षं ती खोली त्यांच्या ताब्यात द्यायची, असं कागदावर ठरलं. असली गहाणं तेव्हा पुष्कळ असत. सावकार खोलीत बिऱ्हाड ठेवी, नाहीतर धान्य भरून ठेवी. वेणूबाईंनी यातलं काहीच केलं नाही. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला त्या टांग्यातून एकट्या आल्या, खोलीत गेल्या, दार लावून तासभर आत बसल्या. मग बाहेर येऊन कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेल्या. त्यानंतर त्यांचं पाऊल आमच्या घरात पडलं नाही.

बंद दाराची माणसाला सवय होते. मी त्यावर टोपी अडकवी. हेमावती, माझी बायको, दाराला पाठ टेकून दुपारभर कशिदा काढत बसे. इरकली लुगड्यांवर तिनं काढलेली गोपुरं नि तुळशीवृंदावनं हुबळीचे व्यापारी हातोहात उचलत. मी हायस्कुलात गणित शिकवायचो, पण आमच्या घरात खरी कमाई कोणाची हे मला चांगलं ठाऊक होतं. तीही ते मला अधूनमधून गोड आवाजात सांगे.

एक दिवस सुई दातांत धरून ती म्हणाली, "अहो, या दाराखालून धूळ कशी येत नाही?"

"दार घट्ट असेल."

"बोटभर फट आहे. सगळ्या घरात धूळ येते. इथं मी बसते तिथं कधी केर काढावाच लागत नाही."

मी फट पाहिली. उंबरठा स्वच्छ होता, नुकता हात फिरवल्यासारखा. वाऱ्याची दिशा, भिंतीचा उतार, असं काहीतरी मी तिला समजावून सांगितलं. शुक्रवारी सकाळी तिथं ओल्या सारवणाचा वास येतो, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. शेजारी कोणीतरी सारवत असेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं आणि ते मला पटलं होतं.

२

१९३८ साली हेमावतीला दिवस गेले. याआधी दोनदा आम्ही शेजारून पाळणा आणून ठेवला होता आणि दोनदा रिकामाच परत केला होता. म्हणून या खेपेला आम्ही कोणाला काही बोललो नाही. पण एका रात्री जेवताना ती म्हणाली, "ती खोली सोडवू या."

"मुदतीला अजून तीन वर्षं आहेत."

"पैसे आहेत."

"कुठं आहेत?"

ती उठली, तांदळाच्या डब्यातून एक पुरचुंडी काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. माझ्या शिकवण्यांचे वाचवलेले त्यात मिळवले तर नऊशेच्या वर एकवीस रुपये उरत होते. मला हसू आवरेना. तीही हसायला लागली. उजवा हात उष्टा, डाव्या हातानं मी नोटा चाचपतोय, आणि ती म्हणतेय, "अहो, तांदूळ पडतायत, तांदूळ!" इतके आम्ही लग्नानंतर पहिल्यांदाच हसलो असू.

नऊ ऑक्टोबरला रविवार होता. मोटारीनं आम्ही हुबळीला निघालो. रायापूरच्या पुढं रस्त्यावर गचके बसायला लागले तशी मी तिला धरून बसलो, तर ती म्हणाली, "मला नको, पैशांना धरा."

कमरीपेठेत वेणूबाईंचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. मागच्या अंगाला दोन तांबट घागरी ठोकत बसलेले. त्या ठोक्यांमध्ये जेवढी फट सापडेल तेवढ्यातच बोलणं व्हायचं. वेणूबाई सात वर्षांत फार वाळल्या होत्या. मी पैसे पुढं ठेवले. त्यांनी हात लावला नाही.

"दहा वर्षं ठरली होती, मास्तर. तीन बाकी आहेत."

"कायद्यानं तुम्हाला नाही म्हणता येतं, हे मला माहीत आहे. म्हणून तर विनंती करायला आलो. घरात खोलीची गरज आहे."

त्यांनी हेमावतीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"कितवा?"

"पाचवा," हेमावती म्हणाली.

 मग वेणूबाई उठल्या, आतून गहाणखत आणलं, पाठीवर फेडीची पावती लिहून सही केली आणि कमरेची किल्ली काढून माझ्या नव्हे, हेमावतीच्या हातात दिली.

"खोली तुमची. माझं कुलूप निघालं, माझं काम संपलं. आतलं मला सांगता यायचं नाही."

"आत काय सामान आहे?" मी विचारलं.

"सामान नाही."

त्या पुढं काहीतरी बोलल्या, आणि नेमका तेव्हाच मागं ठोका पडला. मला ऐकू आलं ते असं: "तिला मी दहा सांगितली होती." पण ठोक्यात ऐकलेलं वाक्य. माझी खात्री नव्हती.

बाहेर पडल्यावर मी हेमावतीला विचारलं, "शेवटी काय म्हणाल्या गं त्या?"

"तुम्ही ऐकलंत तेच," ती म्हणाली, आणि समोरच्या दुकानातलं चुरमुऱ्याचं पोतं बघून तिला भूक लागली. उरलेल्या एकवीस रुपयांतले दोन आम्ही त्या दिवशी हुबळीत चैनीत उडवले. वाटेत मोटारीत ती माझ्या खांद्यावर झोपली. किल्ली तिच्या मुठीत होती. गहाणखत माझ्या कोटाच्या आतल्या खिशात, आणि मी दर पाच मिनिटांनी ते तिथंच आहे ना, बघत होतो.

३

कुलूप काढायचा आम्ही समारंभच केला. गल्लीतली दहाबारा माणसं बोलावली. पुरणाचे होळगे केले, चित्रान्नाचा भात केला. दाराला तोरण लावलं. हेमावतीनं किल्ली फिरवली तेव्हा कुलूप असं सहज उघडलं, जसं कालच कोणी तेल घातलं असावं. मी ते काढून बाजूला ठेवलं आणि दार ढकललं.

दार उघडलं नाही.

बोटभर आत गेलं आणि थांबलं. लोखंडावर लोखंड वाजल्याचा बारीक आवाज आला. आतून कडी होती.

"मास्तर, गहाण सुटलं, दार राहिलं!" शेजारचे बाळाचार्य म्हणाले आणि सगळे खो खो हसले. मीही हसलो. जोरानं दार ओढून घेतलं की आतली कडी कधीकधी आपोआप पडते, असं कोणीतरी म्हणालं. तसं होतं. मी पाहिलेलं आहे. फक्त कडी पडून खाली लोंबते. ती वर उचलून कोयंड्यात कशी बसते, ते मला सुचेना. परसात जाऊन खिडकी पाहिली. गज जागच्या जागी होते. झडपा आतून बंद.

"उद्या सुतार आणू," मी म्हणालो, "आधी जेवा."

पंगत बसली. गप्पा, हसणं, वाढणं, आग्रह. हेमावतीला चार बायकांनी धरून पाटावर बसवलं होतं आणि तिच्या पोटाकडे बघून मुलगा की मुलगी यावर पैजा लागत होत्या. लपवलेली बातमी आपोआप फुटली होती. इतका आनंद आमच्या घरानं कधी पाहिला नव्हता. त्या गडबडीत मी एकटा माजघरात गेलो आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

आत अंधार होता. डोळा सरावेल म्हणून मी थांबलो. अंधार काही निवळला नाही, पण खोबरेल तेलाचा वास आला, केसांना लावलेल्या. मग माझ्या पापणीवर कोमट वारा लागला. थांबला. पुन्हा लागला. पुन्हा थांबला.

मला समजलं ते एवढंच की फटीच्या पलीकडे अंधार नव्हता. फार जवळ काहीतरी होतं, म्हणून दिसत नव्हतं.

मी पंगतीत येऊन बसलो आणि दोन होळगे खाल्ले. त्यांची चव आजही आठवत नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी मौनप्पा बडिगेर आला. साठीचा सुतार. आमच्या घराची दारं त्यानंच बसवली होती. त्याला दार फोडायची गरज वाटली नाही. एक पातळ पातं फटीत सरकवून कडी खालून वर उचलायची, पाच मिनिटांचं काम.

पातं आत गेलं. कडी उचलली गेल्याचा आवाज आला. मौनप्पानं माझ्याकडे बघून मान हलवली, झालं म्हणून. आणि कडी परत कोयंड्यात बसल्याचा आवाज आला.

त्यानं पुन्हा उचलली. पुन्हा बसली. या खेपेला मी त्याच्या हातातलं पातं बघत होतो. ते त्याच्याकडे सरकत होतं. हळूच, कोणी एका बोटानं बाहेर लोटावं तसं.

मग आतून आवाज आला. "थांबा हं, आले."

साधा आवाज. पिठाचे हात असलेली बाई बाहेरच्या माणसाला सांगते तसा. त्यात राग नव्हता, घाईही नव्हती.  मौनप्पानं सवयीनं उत्तर दिलं, "हौद्री अक्का, सावकाश बर्री," म्हणजे हो ताई, सावकाश या, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं पातं पुसलं, पिशवीत ठेवलं आणि उठला.

"मौनप्पा, तू काय ऐकलंस?"

"तडीरी, बंदे, अंदरु," तो म्हणाला. म्हणजे तेच शब्द. पण त्याला ते कानडीत ऐकू आले होते. मी मराठीत ऐकले होते.

मी एक रुपया पुढं केला. त्यानं घेतला नाही. "ओळग मंदी अदार्री, मास्तर," तो म्हणाला. आत माणसं आहेत. "माणसं असलेल्या घराचं दार मी फोडत नाही."

स्वयंपाकघराच्या दारात हेमावती उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मौनप्पाला ती म्हणाली, "चहा तरी घेऊन जा." आणि तो खरोखर बसून चहा प्यायला.

५

मी त्या दिवशी शाळेत गेलो नाही. आधी विचार केला की कोणी बाई खिडकीतून शिरली असेल. गजांमधून मांजरही जात नव्हतं. मग वाटलं, भ्रम झाला. पण दोन माणसांना दोन भाषांत एकच भ्रम होत नाही. शेवटी ठरवलं, परसाकडची भिंत फोडायची.

"नाही," हेमावती म्हणाली.

"तुझं बाळंतपण त्या दाराशेजारी होऊ देऊ?"

"कुठंतरी होणारच."

"हेमा, ही चेष्टेची वेळ नाही. आत काय आहे आपल्याला ठाऊक नाही."

"कोण आहे म्हणा." ती खाली बसली. हल्ली तिला उभं राहवत नसे. "बघा, तुम्ही गणिताचे मास्तर आहात. दहा वर्षांचा करार होता. पैसे आपण आधी दिले, आपल्या सोयीनं. पण तिनं आधी निघावं, असं तिला कोणी विचारलं होतं?"

"खोली आपली आहे!"

"तेच म्हणते. सात वर्षं ती गहाण होती म्हणून द्यावी लागली. आता ती माझी आहे, म्हणून मी तिला देते. तीन वर्षं राहू दे."

 दुसऱ्या रविवारी मी एकटाच कमरीपेठेत गेलो. वेणूबाईंना धरून सगळं विचारायचंच, असं ठरवून. दुकानात त्यांचा पुतण्या होता. काकू यात्रेला गेल्या, म्हणाला. कुठं, कधी परत येणार, काही सांगितलं नव्हतं. "जाताना फार हलक्या दिसल्या. पोरीसारख्या हसत होत्या," तो म्हणाला. मागं तांबट ठोकत होते.

एकदा बोलल्यावर आतलीचा संकोच गेला असावा. सकाळी केरसुणीचा आवाज यायला लागला. दुपारी चारला भाकरी थापल्याचा: थप, थप, थप, आणि मग तव्यावर पडल्याचा. त्या खोलीत चूल नव्हती. धूर कधी आला नाही. भाकरीचा वास मात्र यायचा, आणि तो इतका चांगला असायचा की हेमावतीला डोहाळ्यांत तीच भाकरी हवीशी वाटायची. बांगड्या वाजायच्या. रात्री मात्र काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. ती रात्री झोपत असावी. आमच्यापासून एका भिंतीपलीकडे. हा विचार मला सगळ्या आवाजांपेक्षा जास्त जागं ठेवी.

टोपी मी आता खांबाच्या खिळ्याला अडकवत होतो.

६

फेब्रुवारीत एका दुपारी हेमावतीला कळा सुरू झाल्या. भागीरथीबाई सुईण आल्या. माजघरात, त्या भिंतीलगत अंथरूण घातलं. दुसरीकडे घालू या म्हणून मी हट्ट केला, पण हेमावतीनंच ऐकलं नाही. मी सोप्यात बसलो.

चार वाजले. भाकरीचा आवाज आला नाही. पाच वाजले. भागीरथीबाई एकदा बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता गरम पाणी घेऊन परत आत गेल्या. आधीच्या दोन्ही वेळी त्या अशाच, माझ्याकडे न बघता आत गेल्या होत्या. मी उठून परसात गेलो आणि पूर्वेच्या खोलीच्या भिंतीला हात टेकून उभा राहिलो. दुसरा आधारच नव्हता.

भिंत ऊन होती. त्या बाजूला दुपारनंतर सूर्य नसतो. सगळी भिंत नव्हे, मधला एक तुकडा, पाठीएवढा. मी हात काढला आणि पुन्हा ठेवला. हाताखाली दगडमातीची भिंत होती, आणि ती ताणली जात होती, सैल पडत होती. जसं कोणी पलीकडून पाठ लावून, पाय रोवून रेटत असावं, आतल्या बाजूला, हेमावती होती त्या बाजूला.

मला पळून जावंसं वाटलं. ते मी करू शकलो असतो. त्याऐवजी मी त्या ऊन जागेवर दोन्ही हात ठेवले आणि मीही रेटलं. का, ते मला विचारू नका. मी गणित शिकवतो.

घरातून टँहां ऐकू आलं.

मुलगी झाली. हेमावती घामानं भिजलेली, पांढरी फटक, आणि हसत होती. "भिंतीकडून कोणी कंबर दाबून धरली होती हो," ती माझ्या कानात म्हणाली, "नाहीतर माझ्याच्यानं झालं नसतं." पाळणा या खेपेला आम्ही शेजारून आणला नाही. हुबळीहून विकत आणला, लाल-पिवळ्या रंगाचा, आणि बारशाला गल्ली लोटली. नाव ठेवलं शालिनी.

शालूनं घर भरून टाकलं. मी रस्त्यानं चालताना एकटाच हसतो, अशी शाळेत मुलं माझी नक्कल करत. ती रांगायला लागली ती थेट त्या दाराकडे. पहिला शब्द "आई" नव्हता आणि "अप्पा"ही नव्हता. दारावर दोन्ही तळवे आपटून ती म्हणाली, "अक्का." हेमावतीला त्याचं कौतुक. मला रात्रभर झोप नाही.

दीड वर्षाची असताना एकदा मी शाळेतून आलो तर ती दाराशी पालथी पडून खिदळत होती. एक हात मनगटापर्यंत दाराखालच्या फटीत. इतकी हसत होती की तिला श्वास घेता येत नव्हता. लहान मुलाच्या तळव्याला गुदगुल्या केल्यावर ते हसतं तशी. मी धावलो आणि तिला दोन्ही हातांनी ओढलं. क्षणभर ती आली नाही. मग एकदम सुटली.

ती रडायला लागली. हेमावती धावत आली. मी मनगट दाखवलं. ते लाल झालं होतं.

"तिनं धरलं होतं," मी म्हणालो.

हेमावतीनं मनगट उजेडात नेऊन पाहिलं. "ही तुमची बोटं आहेत," ती म्हणाली. "तिनं तर सोडून दिलं."

७

१९४१ च्या ऑक्टोबरची नऊ तारीख गुरुवारी आली. मी रजा घेतली. शालूला आठ दिवस रुक्मिणीकडे बेळगावला ठेवावं, असं मी महिनाभर म्हणत होतो. हेमावती म्हणाली, "इतकी वर्षं राहिलेलं माणूस निघणार, आणि पोरीला पाठवून द्यायचं?"

सकाळी केरसुणीचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत होता. मग सारवणाचा वास आला. शुक्रवार नव्हता, तरी आला. हेमावतीनं स्वयंपाकाला कडबू केले होते. मी माजघरात खांबाला टेकून बसलो होतो, शालूला मांडीवर घट्ट धरून. माझी भीती अगदी साधी होती, आणि मी ती हेमावतीला कधी बोलून दाखवली नव्हती. जाणारं माणूस आपलं जे असतं ते घेऊन जातं. आणि शालू कोणाच्या रेट्यानं जगात आली होती, ते मी माझ्या तळव्यांनी पाहिलं होतं.

चार वाजता कडी पडली.

इतक्या वर्षांनी तो आवाज फार लहान वाटला. दार चार बोटं उघडलं आणि थांबलं. आत अंधार नव्हता. दुपारचा पिवळा उजेड होता. शालूनं माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते आवळून धरले होते, आणि तरी ती कशी निसटली मला कळलं नाही. "अक्का!" म्हणत ती त्या चार बोटांच्या फटीतून आत गेली. दार तिच्यामागे लागलं नाही. तसंच राहिलं.

 आतून शालूची अखंड बडबड ऐकू येत होती. मध्येमध्ये ती थांबे, कोणी उत्तर देतंय तशी, आणि पुन्हा बोले. मग मी उठलो.  दार ढकललं.

खोलीत काहीच नव्हतं. नुकती सारवलेली जमीन, ओली, त्यावर शालूच्या पावलांचे ठसे आणि दुसरे कसलेच नाहीत. खिडकी सताड उघडी. मधोमध शालू माझ्याकडे पाठ करून मांडी घालून बसलेली, मान थोडी मागं, केसांना तेल लावून झालं की बसतात तशी. तिच्या एवढ्याशा केसांची वेणी घातलेली होती आणि वेणीचं टोक हवेत ताणलेलं होतं. मी पाहत असताना त्याला लाल दोऱ्याची गाठ बसली. दोन वेढे, एक गाठ, आणि टोक हळूच तिच्या पाठीवर पडलं. डोक्यावरचे केस एकदा चपटे झाले, थापटल्यासारखे.

मी ओरडणार होतो. पण हेमावती माझ्या बाजूनं आत आली. हातात कुंकवाचा करंडा.

"निघालात? थांबा, कुंकू लावते," ती म्हणाली, कोणत्याही आल्यागेल्याला म्हणावं तसं.

तिनं अनामिका कुंकवात बुडवली, हात वर उचलला, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि हवेत टेकवला. बोट तिथं थांबलं, टेकल्यावर थांबतं तसं. बांगड्या वाजल्या. हेमावतीच्या नव्हे; तिचे हात स्थिर होते. मग तिनं बोट मागं घेतलं. बोटावर कुंकू नव्हतं. जमिनीवरही पडलं नव्हतं. आणि तेवढा एक क्षण, खिडकीतल्या उजेडात, एवढ्याशा टिकलीएवढा लाल ठिपका काहीही नसताना तसाच राहिलेला मी पाहिला. माझ्याकडे वळला आणि दिसेनासा झाला.

"येते हं," ती म्हणाली. अगदी माझ्या कानाजवळून.

बांगड्या माजघरातून गेल्या, सोप्यातून गेल्या, पायरी उतरल्या. शालू तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत पोचवायला धावली, मी तिच्यामागे. रिकाम्या रस्त्याला तिनं पोटभर हात हलवला आणि माझं बोट धरून स्वतःहून घरी परतली.

त्या संध्याकाळी दहा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या खोलीत बसलो. वारा येत होता. स्वच्छ, मोठी, उजेडाची खोली. हेमावतीनं कडबू तिथंच वाढले आणि शालू तिथंच जेवता जेवता झोपली. मला एकाएकी हसू यायला लागलं आणि मग डोळे भरून आले. हेमावती म्हणाली, "आता काय झालं?"

"गेली ना गं ती?"

"येते म्हणाली."

"जाताना सगळेच म्हणतात, येते. जाते कोण म्हणतं?"

"हो," हेमावती म्हणाली, आणि शालूच्या अंगावर पांघरूण घातलं. "पण म्हणाली ना."

दुसऱ्या दिवशी मी मौनप्पाला बोलावलं आणि दाराची आतली कडी काढून टाकायला सांगितली. त्यानं कडी हातात घेऊन पाहिली. माझ्याकडे पाहिलं. मग हेमावतीकडे पाहिलं. तिनं नको अशी मान हलवली. त्यानं तेलाचं बोट फिरवून ती होती तिथंच परत बसवली.